सल्फाच्या तक्रारवहीतून

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, १९३७ साली हॅमिल्टन साउथवर्थ या डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. सल्फॅनिलमाइड हे नवंकोरं औषध ज्यांना चालू होतं, त्यांतल्या काहींच्या रक्तात आम्लता वाढत होती. औषध जंतूंचा बंदोबस्त चोख करत होतं, पण शरीराला साठलेल्या आम्लाचा निचरा करण्यासाठी भराभर श्वास घ्यावा लागत होता. साउथवर्थ यांनी ही तक्रार रीतसर छापली. डॉक्टरांनी त्यावर सोपा तोडगा काढला आणि गोळीबरोबर खायचा सोडा द्यायला सुरुवात केली. आम्ल आटोक्यात आलं, आणि बहुतेकांच्या लेखी विषय तिथंच मिटला.

आज आपल्याकडे घरोघरी ज्याला ‘पाण्याची गोळी’ म्हणतात, तिचा उगम या मिटलेल्या विषयात आहे. डायबेटिसची गोळी आणि थायरॉइडची एक गोळीही याच घराण्यातल्या औषधांच्या तक्रारींतून निघाली. एका औषधाच्या दुष्परिणामांच्या यादीतून इतकी नवी औषधं निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. हे सगळं साधारण वीस वर्षांत घडलं, मधे एक महायुद्ध होऊन गेलं, आणि त्याची किंमत काही रुग्णांनी जिवानं मोजली.

सल्फाची सुरुवात रंगाच्या कारखान्यात झाली. जर्मनीत एल्बरफेल्डला बायरच्या प्रयोगशाळेत फ्रित्झ मीत्श आणि योसेफ क्लारर हे रसायनज्ञ कापड रंगवण्याच्या द्रव्यांपासून नवनवी संयुगं बनवत आणि गेरहार्ड डोमाक ती जंतुबाधा झालेल्या उंदरांवर तपासत. १९३२ च्या अखेरीस एका लालभडक संयुगानं स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची बाधा झालेले उंदीर वाचवले. त्याचं नाव प्रॉन्टोसिल. फेब्रुवारी १९३५ मध्ये डोमाक यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या मुलीच्या हातात सुई घुसली, विष अंगात भिनू लागलं, तेव्हा बापानं हेच औषध तिला दिलं आणि ती वाचली. मात्र त्याआधीच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी प्रॉन्टोसिलचं बिंग फोडलं होतं. लाल रंगाचा काही उपयोग नाही, शरीरात त्याचे दोन तुकडे होतात आणि त्यातला बिनरंगी तुकडा, म्हणजे सल्फॅनिलमाइड, सगळं काम करतो. हा तुकडा व्हिएन्नात १९०८ सालीच तयार झालेला होता. पेटंटचा अडसर उरला नाही, त्यामुळे ज्याला जमेल त्यानं तो बनवायला घेतला.

पेनिसिलीन यायच्या आधीची ही आठ-दहा वर्षं सल्फाची. बाळंतज्वर, न्यूमोनिया, मेंदुज्वर, पिकलेल्या जखमा, सगळ्यांवर सल्फा. आपल्याकडच्या जुन्या पिढीला जखमेवर भुरभुरायची सिबाझोलची पावडर आठवत असेल, तीही सल्फाच. १९३७ साली टेनेसीतल्या एका कंपनीनं सल्फॅनिलमाइडचं गोड पातळ औषध काढलं आणि ते विरघळवायला डायएथिलिन ग्लायकॉल वापरलं. शंभरावर माणसं दगावली, त्यांत मुलं पुष्कळ. दोष सल्फाचा नव्हता, द्रावकाचा होता. अमेरिकेनं पुढच्याच वर्षी औषधांचा कायदा कडक केला. तेच द्रव्य १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेलं, चौदा जण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. विषबाधा आणि दुष्परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून शिकायचं ते प्रशासनानं. दुसऱ्यातून काही शिकता येतं हे कळायला मात्र कुतूहल लागतं.

औषध लाखो लोकांना दिलं जाऊ लागलं तशी तक्रारींची यादीही वाढली. अंगावर पुरळ, उलट्या, ओठ-नखं निळसर होणं, लघवीत खडे जमणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटणं. आणि साउथवर्थ यांनी नोंदवलेली ती आम्लता.

आम्लता का वाढते याचा उलगडा इंग्लंडमध्ये केंब्रिजला झाला. शरीरात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा सांधा झटपट जुळवणारं आणि तोडणारं एक विकर आहे, कार्बॉनिक अनहायड्रेज. ते १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्येच सापडलं होतं. १९४० साली थॅडियस मान आणि डेव्हिड कीलिन यांनी दाखवलं की सल्फॅनिलमाइड नेमकं या विकरालाच वेठीला धरतं. किडनी लघवीतून सोडियम आणि बायकार्बोनेट परत रक्तात ओढून घेते, ते याच विकराच्या जोरावर. विकर अडलं की दोन्ही लघवीवाटे निघून जातात आणि रक्त आम्लधर्मी होतं. रुग्ण भराभर श्वास का घेत होते याचं उत्तर मिळालं. पण अजून कुणाच्या मनात हे आलं नव्हतं की सोडियम लघवीवाटे जाणं ही काहींच्या दृष्टीनं फार चांगली गोष्ट असू शकते.

ते आलं बॉस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांच्या मनात. हृदय थकलं की अंगात मीठ आणि मिठामागून पाणी साठतं. पाय सुजतात, छातीत पाणी होतं, रात्री आडवं पडलं की दम लागतो. त्या काळात अशा रुग्णांना पाऱ्याची इंजेक्शनं देत. त्यांचा जन्मही असाच झालेला. १९१९ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं जन्मजात उपदंश झालेल्या एका मुलीला पाऱ्याचं नवं इंजेक्शन दिलं होतं. तिथल्या परिचारिका लघवीचा रोजचा हिशेब ठेवत. इंजेक्शन दिलं की त्या दिवशी आकडा आभाळाला भिडायचा, हे त्या तक्त्यावरून त्याच्या ध्यानात आलं. गुण उपदंशाला आला असेल नसेल, हृदयरोग्यांना मात्र पुढची तीसेक वर्षं पाऱ्यानं तारलं. पण इंजेक्शन टोचायलाच लागे आणि पारा तो पारा. श्वार्ट्झ यांनी विचार केला, सल्फॅनिलमाइडनं सोडियम जातं ना, मग देऊन पाहू. १९४९ साली त्यांनी हृदय निकामी होत चाललेल्या तीन रुग्णांवरचा अनुभव छापला. लघवी वाढली, सूज उतरली. पण त्यासाठी लागणारा डोस इतका मोठा होता की बाकीचे त्रास सहन होण्यापलीकडचे. उपचार म्हणून हे चालणारं नव्हतं. दिशा मात्र कळली.

पुढचं काम रसायनज्ञांचं. अमेरिकन सायनामिड कंपनीत रिचर्ड रॉब्लिन आणि जेम्स क्लॅप यांनी सल्फॅनिलमाइडच्या रेणूत असे बदल केले की तो त्या विकरावर शेकडो पट जोरानं पकड घेऊ लागला. त्यांनी १९५० साली छापलेल्या संयुगांतलं एक म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, बाजारातलं डायमॉक्स. सूज उतरवणारं औषध म्हणून ते फार टिकलं नाही, कारण बायकार्बोनेट ओसरलं की त्याचाही जोर ओसरतो. पण १९५४ साली बर्नार्ड बेकर यांनी दाखवलं की काचबिंदूत डोळ्यातला दाब त्यानं उतरतो, आणि तिथं ते कायमचं बसलं.

डायमॉक्सचा आणखी एक उपयोग पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकांना पाठ आहे. लडाखला किंवा एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला निघालेल्या प्रत्येक गटाच्या औषधपेटीत ही गोळी असते. उंचीवर हवा विरळ, आणि माणसानं जास्त श्वास घ्यायला हवा. पण जास्त श्वास घेतला की रक्त क्षारधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. विशेषतः झोपेत. डायमॉक्स रक्ताला थोडं आम्लाकडे झुकवतं आणि तो लगाम सैल होतो. म्हणजे बाल्टिमोरमध्ये जो भराभर श्वास सोडा देऊन थांबवला गेला, तोच पाच हजार मीटरवर मुद्दाम घडवून आणला जातो. ज्यांनी ती घेतली आहे ते सांगतील की बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि सोडावॉटर किंवा बिअर बेचव लागते. जिभेवरचं तेच विकर अडल्यामुळे फसफसण्याची झणझण जाणवत नाही.

खरी ‘पाण्याची गोळी’ डायमॉक्सच्या अपयशातून आली. फिलाडेल्फियाजवळ शार्प अँड डोमच्या प्रयोगशाळेत कार्ल बायर यांचं म्हणणं असं की सोडियमबरोबर बायकार्बोनेट नव्हे, क्लोराइड जायला हवं, म्हणजे साधं मीठच बाहेर पडेल आणि रक्ताचा तोल ढळणार नाही. सल्फॅनिलमाइडच्या रेणूला हात घालत घालत फ्रेडरिक नोव्हेलो यांच्या हाती क्लोरोथायझाइड लागलं. १९५८ साली ते डाययुरिल या नावानं बाजारात आलं. तोंडानं घ्यायचं, पाऱ्याची भानगड नाही, आणि वापरून बघता बघता कळलं की त्यानं रक्तदाबही उतरतो.

रक्तदाबावर औषधं आधी नव्हती असं नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या वापराचा अनुभव मांडला आणि पाश्चात्त्य जगाचं लक्ष या वनस्पतीकडे वेधलं. पुढं बाझेलमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत घेतलेली प्रसिद्ध चाचणी १९६७ साली छापून आली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष तिच्यात होते. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना खोट्या. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले, खऱ्या गटात दोघांना. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, हे पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झालं. खऱ्या गटाला तीन औषधं होती, आणि त्यांत सर्पगंधेतलं रेसर्पिन व सल्फाच्या तक्रारीतून आलेलं थायझाइड शेजारीशेजारी होती. मला हा योग फार आवडतो.

थायरॉइडची हकिगत तेवढी लांब नाही. जॉन्स हॉपकिन्समध्येच ज्युलिया आणि कॉस्मो मॅकेन्झी हे दांपत्य जीवनसत्त्वांचा अभ्यास करत होतं. उंदरांच्या आतड्यातले जंतू मारावेत म्हणून त्यांनी सल्फाग्वानिडीन दिलं आणि उंदरांना गलगंड झाला. १९४१ साली त्यांनी ते नोंदवलं. गळ्यातली ग्रंथी फुगते, पण हार्मोन मात्र कमी बनवते. कमी बनतं म्हणून मेंदूकडून आणखी रेटा येतो आणि ती आणखी फुगते. बॉस्टनचे एडविन अ‍ॅस्टवूड यांनी यातला अर्धाच भाग उचलला. थायरॉइड अति काम करतो अशा रुग्णांना हार्मोन कमीच व्हायला हवं असतं! शंभरावर संयुगं पारखून त्यांनी थायोयुरेसिल निवडलं आणि १९४३ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. थायोयुरेसिल सल्फा नव्हे, पण उंदरांच्या सुजलेल्या गळ्यांशिवाय तिकडे कुणी वळलं नसतं. आजची कार्बिमाझोलची गोळी त्याच वाटेवरची.

आणि आता दक्षिण फ्रान्स, १९४२. उत्तरेत जर्मन फौजा, दक्षिणेत विशी इथलं फ्रेंच सरकार, सगळीकडे शिधा मोजून. मोंपेलिए या गावात युरोपातलं एक अतिशय जुनं वैद्यकीय विद्यालय आहे. तिथल्या संसर्गजन्य रोगांच्या विभागात मार्सेल जांबों टायफॉइडच्या रुग्णांवर एक नवं सल्फा वापरून पाहत होते. रोन-पूलांक कंपनीनं पाठवलेल्या या औषधाला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, २२५४ आर.पी. टायफॉइडवर तोवर काहीच लागू पडत नव्हतं, त्यामुळे आशा मोठी. पण काही रुग्णांचं भलतंच व्हायला लागलं. अंग घामानं निथळायचं, झटके यायचे, मग शुद्ध जायची. काही जण दगावले. टायफॉइडचा रुग्ण असाही बरळतो, असाही बेशुद्ध होतो. रोगानंच माणूस नेला असं लिहून कागद बंद करणं अगदी सोपं होतं. जांबों यांनी रक्तातली साखर मोजली. ती तळाला गेलेली होती. शिरेतून ग्लुकोज दिलं की रुग्ण शुद्धीवर येऊ लागले.

जांबों यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं औषध बंद केलं असतं, कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं असतं आणि पुढच्या औषधाकडे वळला असता. त्यात चूक काही नव्हती. जांबों यांनी आणखी एक गोष्ट केली: त्याच विद्यालयातल्या ऑग्युस्त लुबातियेर यांना त्यांनी हे सांगितलं. लुबातियेर तिशीचे, शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मोंपेलिएच्या एडों परंपरेत तयार झालेले. एमान्युएल एडों यांनी कुत्र्यांचं स्वादुपिंड काढून मधुमेहाचा अभ्यास करण्याची पद्धत तिथं रुजवली होती, आणि लुबातियेर स्वतः इन्सुलिनवर काम करत आलेले. साखर उतरते, हे ऐकल्यावर कुठला प्रश्न विचारायचा हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणाला कळलं नसतं.

जून १९४२ मध्ये प्रयोग सुरू झाले. ते इतके नेटके आहेत की जरा थांबून पाहावेत. आधी धडधाकट कुत्र्याला तोंडानं औषध दिलं आणि वेळोवेळी रक्त तपासलं. साखर हळूहळू उतरत गेली आणि कितीतरी तास खालीच राहिली. मग स्वादुपिंड पूर्ण काढलेल्या कुत्र्याला तेच औषध दिलं. साखर जागची हलली नाही. स्वादुपिंडाचा काही भाग शिल्लक ठेवला, तर परिणाम पुन्हा दिसला. म्हणजे औषध स्वतः इन्सुलिनसारखं वागत नाही, ते स्वादुपिंडाकडून काम करून घेतं. तरी शंका नको म्हणून औषध दिलेल्या कुत्र्याच्या स्वादुपिंडातून निघणारं रक्त नळीनं थेट मधुमेही कुत्र्याच्या मानेच्या शिरेत सोडलं. दुसऱ्याची साखर उतरली. रक्ताबरोबर इन्सुलिनच तिकडे गेलं होतं.

लुबातियेर यांनी १९४६ साली प्रबंधात हे सगळं मांडलं, आणि त्यातून निघणारं अनुमानही: ज्यांच्या स्वादुपिंडात थोडीफार धुगधुगी शिल्लक आहे अशा मधुमेहींना हे औषध उपयोगी पडेल, ज्यांचं पूर्ण संपलं आहे त्यांना नाही. आज टाइप एक आणि टाइप दोन म्हणतो तो भेद इथं कुत्र्यांच्या रक्तात मोजून दाखवलेला आहे.

आणि मग काही झालं नाही. जवळजवळ दहा वर्षं जगभरचे मधुमेही सुया टोचून घेत राहिले. याचं एकच कारण सांगता येणार नाही. युद्धात फ्रेंच नियतकालिकं बाहेर फारशी पोचत नव्हती. युद्ध संपलं तोवर पेनिसिलीननं सल्फाचं तेज हिरावलं होतं, आणि इन्सुलिन असताना गोळी कशाला, ही डॉक्टरांची मनोवृत्ती होतीच. पण मला वाटतं, ज्या औषधानं माणसं मेल्याची नोंद आहे ते पुन्हा माणसांच्या हातात द्यायचं धाडसही कमी पडलं असावं. त्याला नुसता भित्रेपणा म्हणता येणार नाही.

दुसऱ्यांदा हीच गोष्ट पश्चिम बर्लिनमध्ये घडली. आउगुस्टे व्हिक्टोरिया रुग्णालयात हान्स फ्रांके आणि योआखिम फुक्स जंतुनाशक म्हणून कार्ब्युटामाइड नावाचं नवं सल्फा तपासत होते. पुन्हा तेच: रुग्णांना कापरं भरणं, दरदरून घाम, वेळी-अवेळी भूक. फुक्स यांनी स्वतः ते घेऊन पाहिलं असं सांगतात. या वेळी सगळ्यांना अर्थ लागला. १९५५ साली त्यांनी ते मधुमेहावरचं औषध म्हणूनच जगापुढं मांडलं.

कार्ब्युटामाइड जंतूही मारायचं आणि साखरही उतरवायचं. आयुष्यभर रोज घ्यायच्या गोळीनं जंतू मारू नयेत, नाहीतर निर्ढावलेले जंतू तयार होतात. शिवाय सल्फाचे इतर त्रास, विशेषतः रक्तपेशींवरचे, होतेच. हेक्स्ट कंपनीच्या रसायनज्ञांनी त्या रेणूच्या टोकाचा अमिनो गट काढून तिथं मेथिल बसवला. जंतुनाशक गुण गेला, साखर उतरवण्याचा गुण तसाच राहिला. टॉल्ब्युटामाइड तयार झालं. ज्याला दुष्परिणाम म्हणत होते तोच आता औषधाचा परिणाम ठरला, आणि मूळ परिणाम खरवडून टाकला गेला. अमेरिकेत १९५७ साली ओरिनेज नावानं ते विकायला लागलं. त्याचा प्रवासही सुखाचा नव्हता: १९७० साली एका मोठ्या अमेरिकी चाचणीनं टॉल्ब्युटामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसतात असं म्हटलं आणि डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद माजला. तोवर ग्लिबेनक्लामाइड आलं होतं, पुढं ग्लिमेपिराइड. तुमच्या घरात मधुमेही असेल तर यांतलं एखादं नाव डबीवर वाचलेलं असेल. शुगर लो होऊन डोळ्यांपुढं अंधारी येणं, हात थरथरणं, खिशातली साखरेची पुडी शोधणं, हेही ओळखीचं असेल. मोंपेलिएच्या वॉर्डातलं लक्षण अजून गेलेलं नाही.

पाठ्यपुस्तकं या सगळ्याला ‘योगायोगानं लागलेले शोध’ म्हणून मोकळी होतात. योगायोग कसला? तक्रार तर सगळीकडेच होती. फरक पडला तो ती कुणाच्या कानावर गेली यानं. सोडियम जातंय हे हृदयरोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टराच्या कानावर गेलं, गळा सुजतोय हे ग्रंथींच्या अभ्यासकाच्या, साखर उतरतेय हे इन्सुलिनवाल्याच्या. श्वार्ट्झ बॉस्टनमध्ये बसून केंब्रिजचं वाचत होते, लुबातियेर आणि जांबों एकाच विद्यालयात होते. जिथं असा शेजार नव्हता तिथं त्याच तक्रारी सोडा देऊन मिटवल्या गेल्या, आणि अशा किती मिटल्या ते कधीच कळणार नाही.

आता या कामाला यंत्रणा आहेत. थॅलिडोमाइड या औषधानं माजवलेल्या हाहाकारानंतर देशोदेशी दुष्परिणाम नोंदवण्याची व्यवस्था उभी राहिली. स्वीडनमधल्या उप्साला इथं जगभरचे अहवाल जमा होतात आणि आपल्याकडे २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचं काम गाझियाबादहून चालतं. डॉक्टरच नव्हे, रुग्णही तक्रार नोंदवू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. या नोंदींचा मूळ हेतू धोका ओळखणं हा. पण २००८ साली हायडेलबर्गच्या संशोधकांनी ७४६ औषधांच्या दुष्परिणामांच्या याद्या संगणकावर एकमेकींशी ताडून पाहिल्या. कल्पना अशी की दोन अगदी वेगळ्या औषधांच्या तक्रारी जुळत असतील तर ती शरीरात एकाच ठिकाणी जाऊन चिकटत असावीत. निघालेल्या जोड्यांपैकी २० त्यांनी प्रयोगशाळेत तपासल्या. १३ खऱ्या निघाल्या. शेजार नसला तरी यादी यादीला भेटू शकते, एवढं त्यातून दिसलं. तरी यादीत ‘घाम, झटके’ असं लिहिलेलं असतं. ‘साखर मोजा’ हे कुणीतरी सुचवावंच लागतं.

सल्फाच्या घराण्यात एक भाऊबंदकीही आहे. थायझाइडच्या गोळ्या वापरात आल्यावर लवकरच नवी तक्रार आली की यांनी साखर वाढते. एक शाखा साखर उतरवते, दुसरी चढवते! थायझाइडचाच नातेवाईक असलेलं डायझॉक्साइड रक्तदाबावर वापरू लागले, तर ते साखर इतकी चढवायचं की डॉक्टर हैराण. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काही तान्ह्या मुलांची साखर धोकादायकरीत्या उतरत असते, त्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन ओतायचं थांबतच नाही. १९६४ साली अशा मुलांना डायझॉक्साइड देऊन पाहिल्याचा अहवाल आला आणि त्या आजारावर ते आजही वापरतात. (त्याचा आणखी एक दुष्परिणाम म्हणजे अंगभर केस वाढणं. मुलांच्या कपाळावर, पाठीवर लव दाट होते आणि औषध थांबवलं की जाते.)

या दोन शाखांचं भांडण कशावरून होतं ते १९८६ साली कळलं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या आवरणात पोटॅशियमचं एक दार असतं. पेशीत साखर आली की ते बंद होतं आणि इन्सुलिन सुटतं. टॉल्ब्युटामाइड तेच दार लोटून घेतं, डायझॉक्साइड तेच दार उघडं धरतं. १९९५ साली दाराचा तो भाग, ज्याला ही औषधं चिकटतात, शोधून त्याची जनुकीय बांधणी उलगडली. त्याला नाव मिळालं ते औषधावरून: सल्फोनिलयुरिया रिसेप्टर.

दाराचा पत्ता लागल्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. जन्मल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होणारी काही थोडी बाळं असतात. त्यांचं स्वादुपिंड संपलं आहे असं धरून त्यांना जन्मभर इन्सुलिन टोचत. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटानं २००४ साली दाखवलं की यांतल्या बऱ्याच बाळांत इन्सुलिन असतं, पण जनुकातल्या दोषामुळे ते दार उघडंच अडकलेलं असतं. मग सल्फोनिलयुरियानं ते लोटून का घेऊ नये? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ जणांना इन्सुलिनऐवजी गोळी देऊन पाहिलं. ४४ जणांचं इन्सुलिन पूर्ण बंद झालं, आणि साखर आधीपेक्षा चांगली राहू लागली. लहानग्यांना गोळी गिळता येत नाही, म्हणून ती कुटून पाण्यात कालवून देतात. २००९ साली याच गटानं आणखी एक नोंद छापली: ही गोळी घेणाऱ्या काही मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले आहेत.